नोंदवही आणि रुमाल



मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीच्या पूर्वेस, मरोळ नांवाचें एक जुनें गांव आहे. मेट्रोचीं स्थानकें, कारखाने आणि उंच इमारती यांची आज तेथें एवढी दाटी झाली आहे कीं, एके काळीं हें साष्टी बेटांतील एक साधें खेडें होतें, ही गोष्ट सांगूनहि पटावयाची नाहीं. या मरोळच्या शेजारीं कोंडिविटे येथें पोर्तुगीज अमदानींत, १५७९ सालीं, जेझुइट पाद्र्यांनीं सेंट जॉन द बॅप्टिस्ट या संताच्या नांवानें एक चर्च बांधलें. १८४० मध्यें तेथें रोगाची सांथ आली, वस्ती उठली, आणि तेथील धर्मगुरूंनीं चर्चचा सगळा संसार मरोळास हलविला. मूर्ती, बाप्तिस्म्याचें पात्र यांसारख्या वस्तू नव्या जागीं आल्या. जुन्या भिंती मात्र जागच्या जागीं राहिल्या. पुढें १९७३ मध्यें निर्यातीच्या मालासाठीं सरकारनें त्याच परिसरांत जें स्वतंत्र क्षेत्र वसविलें, आणि ज्याला लोक ‘सीप्झ’ म्हणतात, त्याच्या कुंपणाच्या आंत हे अवशेष आजहि उभे आहेत.

या हकीकतींत स्थलांतराचा एक नियम दिसून येतो. वस्तू उचलून नेतां येतात; भिंती नेतां येत नाहींत. आणि ऊन, पाऊस, चोर यांना बाहेर ठेवण्याचें जें काम भिंती मुकाट्यानें करीत असतात, त्याची आठवण नव्या जागीं पहिला पाऊस पडेपर्यंत कोणास होत नाहीं. सीप्झमध्यें आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतींत संगणकावर उपजीविका करणारी जी मंडळी रोज येजा करितात, त्यांच्यापुढें वारंवार येणारा एक प्रश्न अशाच स्थलांतराचा आहे. रिलेशनल डेटाबेसांत सांठविलेली माहिती तेथून काढून नॉन-रिलेशनल डेटाबेसांत कशी न्यावी, हा तो प्रश्न होय. आजच्या भाषणाचा विषय तोच. विषय यंत्राचा असला, तरी त्यांतील मर्म समजण्यास यंत्रविद्येची गरज नाहीं. महाराष्ट्रांतील कोणाहि शेतकऱ्याच्या व कारकुनाच्या ओळखीच्या दोन गोष्टी पुरेशा आहेत. त्यांपैकीं एक म्हणजे तलाठ्याची नोंदवही, आणि दुसरी दप्तरखान्यांतील रुमाल.

प्रथम नोंदवही पाहूं. महसूल खात्याचे गांव-नमुने एकंदर एकवीस आहेत. त्यांपैकीं नमुना सातमध्यें जमिनीचा गट क्रमांक, तिचें क्षेत्र व तिच्यावर हक्क कोणाचा हें लिहिलेलें असतें. नमुना बारामध्यें त्या जमिनींत कोणतें पीक घेतलें तें. नमुना आठ-अ मध्यें एकेका खातेदाराच्या नांवावर कोणकोणती जमीन आहे तें. आणि नमुना सहा ही फेरफारांची वही. या वह्या निरनिराळ्या असल्या, तरी गट क्रमांक आणि खाते क्रमांक या दोन धाग्यांनीं त्या एकमेकींस बांधलेल्या आहेत. शेतकरी ज्याला ‘सातबारा’ म्हणतो, तो या बांधणीचाच एक उतारा होय. सात आणि बारा हे दोन नमुने एका कागदावर जुळवून तो तयार होतो. जी हकीकत जेथें लिहावयाची तेथेंच ती लिहावी, दुसऱ्या वहींत तिचा केवळ क्रमांक द्यावा, आणि गरज पडेल तेव्हां दोन वह्या शेजारीं ठेवून उतारा काढावा, अशी ही व्यवस्था आहे.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे याच व्यवस्थेचें गणिती रूप. एडगर कॉड या गणितज्ञानें कॅलिफोर्नियांत आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेंत काम करीत असतां जून १९७० मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यांत ही कल्पना मांडली. ‘रिलेशन’ या शब्दावरून पुष्कळांचा असा समज होतो कीं, एका तक्त्याचा दुसऱ्या तक्त्याशीं असलेला जो संबंध, त्यावरून हें नांव पडलें. वस्तुतः गणितांत ज्याला रिलेशन म्हणतात, तें म्हणजे ओळी आणि रकाने असलेला तक्ताच होय. पुढें १९७४ मध्यें आय. बी. एम. च्याच चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनीं अशा तक्त्यांस प्रश्न विचारण्याची एक भाषा रचली. तीच आज एसक्यूएल या नांवानें जगभर चालते. बँका, रेल्वे, विमा, रुग्णालयें यांचे व्यवहार गेलीं चाळीस-पंचेचाळीस वर्षें बहुतांशी या पद्धतीच्या आश्रयानें चालत आले आहेत.

या पद्धतीचा मोठेपणा तिच्या पहारेकऱ्याच्या कामांत आहे. एक खाते क्रमांक दोन माणसांस देऊं लागलात, तर ती नाकारते. जो खातेदार अस्तित्वांतच नाहीं, त्याच्या नांवावर जमीन चढवूं लागलात, तर ती नाकारते. आणि तिसरें काम याहूनहि महत्त्वाचें. जमीन विकली गेली म्हणजे विकणाऱ्याच्या नांवास कंस पडला पाहिजे आणि घेणाऱ्याचें नांव चढलें पाहिजे. यांतील एक गोष्ट झाली आणि दुसरी राहिली, तर जमीन दोघांची तरी होईल किंवा कोणाचीच राहणार नाहीं. रिलेशनल डेटाबेस अशा जोडकामास ‘ट्रँझॅक्शन’ म्हणतो, आणि दोन्ही कामें तडीस नेतो किंवा मध्येंच वीज गेल्यास दोन्ही रद्द करून पूर्वस्थिति आणतो. हें सगळें तो न सांगतां करतो. म्हणूनच त्याच्या आधारानें वाढलेल्या कारकुनास तें होत आहे याची जाणीवहि नसते.

आतां रुमाल पाहूं. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागद कापडांत बांधून ठेवलेले आहेत, आणि त्या गांठोड्यांस रुमाल म्हणतात. समजा, एका प्रकरणाचे सगळे कागद, पत्र, हिशेब, यादी व कौलनामा, एकाच रुमालांत आहेत. तो रुमाल सोडला कीं प्रकरण आदिपासून अंतापर्यंत समोर येतें. दहा वह्या चाळाव्या लागत नाहींत. शिवाय एका रुमालांत पांच कागद असावेत आणि दुसऱ्यांत पन्नास, याला कोणाची हरकत नाहीं. परंतु एकाच माणसाचें नांव कोणकोणत्या प्रकरणांत आलें आहे, असा प्रश्न कोणी विचारला, तर मात्र एकामागून एक रुमाल सोडीत बसावें लागतें. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं १९३० पासून पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग छापून निघाले. रुमालांत बांधलेली माहिती अभ्यासकाच्या हातीं येण्यास केवढे श्रम पडतात, याची कल्पना त्यावरून येते.

नॉन-रिलेशनल डेटाबेसांचा एक मोठा वर्ग या रुमालासारखा आहे. त्यास दस्तऐवजी डेटाबेस म्हणतात, आणि २००९ मध्यें बाहेर आलेला मोंगोडीबी हें त्याचें सर्वांत परिचित उदाहरण. याखेरीज तीन वर्ग प्रसिद्ध आहेत. एकांत क्रमांक सांगावा आणि त्यावर ठेवलेली वस्तू परत घ्यावी, एवढाच व्यवहार असतो. स्टेशनावरील सामान ठेवण्याच्या खोलीसारखा. दुसऱ्यांत तक्ता असतो, पण प्रत्येक ओळीचे रकाने निराळे असूं शकतात, आणि तो तक्ता शेंकडों यंत्रांवर वांटलेला असतो. तिसऱ्यांत माणसामाणसांमधील किंवा गांवागांवांमधील नातीं हींच मुख्य वस्तू मानून सांठविलेलीं असतात. या सर्वांस मिळून ‘नोएसक्यूएल’ हें नांव २००९ च्या सुमारास रूढ झालें.

हे नवे प्रकार निघण्याचें कारण काय? कारण प्रमाणाचें. नोंदवही एका टेबलावर मावते तोंवर ती उत्तम. परंतु इंटरनेटवरील मोठ्या कंपन्यांकडे कोट्यवधि लोक एकाच क्षणीं येऊं लागले, तेव्हां एका यंत्रावर तें काम मावेना, आणि वह्या अनेक यंत्रांवर वांटल्या तर दोन वह्या शेजारीं ठेवून उतारा काढणें फार महाग पडूं लागलें. गूगलनें २००६ मध्यें बिगटेबल या आपल्या रचनेचा निबंध प्रसिद्ध केला. अॅमेझॉननें २००७ मध्यें डायनॅमो या रचनेचा. २००८ मध्यें फेसबुकमधील अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनीं घडविलेला कॅसँड्रा हा डेटाबेस सर्वांस खुला झाला.

अनेक यंत्रांवर माहिती वांटली कीं एक अडचण अटळपणें येते. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मरोळवरून वाहणारी मिठी नदी पात्र सोडून रस्त्यांत आली, वीज गेली, दूरध्वनी बंद पडले. कल्पना करा कीं, एका पतपेढीची एक शाखा मरोळला व दुसरी घाटकोपरला आहे, आणि दोहोंमधील तार तुटली आहे. एक खातेदार मरोळच्या शाखेंत पैसे मागण्यास येतो. कारकुनापुढें दोनच मार्ग आहेत. घाटकोपरशीं बोलणें झाल्याखेरीज पैसे देतां येत नाहींत, असें सांगून गरजवंतास परत पाठवावें. किंवा आपल्या वहीवर विश्वासून पैसे द्यावेत, आणि दुसऱ्या शाखेनेंहि तेच पैसे दिले असल्यास तो घोळ मागाहून निस्तरावा. एरिक ब्रूअर या संगणकशास्त्रज्ञानें २००० सालीं हेंच तत्त्व मांडलें, आणि २००२ मध्यें गिल्बर्ट आणि लिंच यांनीं त्याची सिद्धता दिली. तार तुटली असतां बिनचूकपणा आणि अखंड सेवा या दोहोंपैकीं एकाचा त्याग करावाच लागतो. पुष्कळ नॉन-रिलेशनल डेटाबेस सेवा चालू ठेवतात आणि मेळ मागाहून घालतात. लोकांनीं एखाद्या चित्रास दिलेल्या पसंतीची मोजदाद क्षणभर चुकली, तर कोणाचें बिघडत नाहीं. पतपेढींतील शिलकीचें तसें नाहीं.

तेव्हां दोहोंपैकीं कोणती पद्धत श्रेष्ठ, हा प्रश्नच अपुरा आहे. याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं देशांतील पहिले आधार क्रमांक वांटले गेले. पुढें ही संख्या १३० कोटींच्या वर गेली. या योजनेच्या तंत्रज्ञांनीं आरंभींच्या वर्षांत आपली जी रचना जाहीरपणें मांडली, तींत एकच डेटाबेस नव्हता. दिलेल्या क्रमांकांच्या नोंदी मायएसक्यूएल या रिलेशनल डेटाबेसांत होत्या. नोंदणीचे दस्तऐवज मोंगोडीबींत. बोटांच्या व डोळ्यांच्या ठशांचे सांचे एचबेस या वांटलेल्या तक्त्यांत. एका माणसास एकच क्रमांक मिळावा, ही या योजनेची मूळ प्रतिज्ञा. तिच्यासाठीं माहितीच्या स्वभावाप्रमाणें निरनिराळीं घरें बांधावीं लागलीं. सगळें एकाच घरांत कोंबण्याचा आग्रह तेथें धरला गेला नाहीं.

आतां प्रत्यक्ष स्थलांतराकडे वळूं. मरोळच्या औद्योगिक वसाहतींत एक माल पोंचविणारी पेढी आहे, अशी कल्पना करूं या. वीस वर्षांचा तिचा हिशेब रिलेशनल डेटाबेसांत आहे. ग्राहकांचा एक तक्ता, बिल्ट्यांचा एक, नगांचा एक, गाड्यांचा एक, चालक व हमाल यांचा एक, आणि वसुलीचा एक. काम वाढलें आहे. प्रत्येक नगाची हालचाल आतां घटकेघटकेला नोंदली जाते. ग्राहक आपला माल कोठें पोंचला हें दूरध्वनीवर पाहूं इच्छितो. आणि एका बिल्टीचें चित्र उभें करण्यासाठीं सहा तक्ते जुळवावे लागतात. म्हणून चालकांनीं ठरविलें कीं, प्रत्येक बिल्टीचा एक रुमाल करावा.

पहिलें काम प्रश्नांची यादी करण्याचें. पेढींत सकाळपासून संध्याकाळपर्यंत या माहितीस कोण कोणते प्रश्न विचारतो, तें लिहून काढावें. नोंदवही बांधतांना प्रश्न ठाऊक नसले तरी चालतें, कारण वह्या नंतर हव्या तशा जुळवितां येतात. रुमाल मात्र प्रश्न पाहूनच बांधावा लागतो. ‘ही बिल्टी कोठें आहे?’ हा प्रश्न दिवसांतून हजार वेळां येत असेल, तर बिल्टीवार रुमाल योग्य. परंतु ‘या हमालानें महिनाभरांत किती नग उतरविले?’ हा प्रश्न शनिवारीं संध्याकाळीं एकदांच येतो, म्हणून तो यादींतून गळतो. आणि नव्या व्यवस्थेंत त्याचें उत्तर काढण्यास सगळे रुमाल सोडावे लागतात. यादी करणाऱ्यानें केवळ साहेबांस विचारून भागत नाहीं; गोदामावरील मुकादमासहि विचारलें पाहिजे.

दुसरें काम, रुमालांत काय बांधावयाचें आणि काय बाहेर ठेवावयाचें, हें ठरविण्याचें. येथें एक साधी कसोटी आहे. जी गोष्ट घडून गेली आणि आतां बदलणार नाहीं, ती रुमालांत बांधावी. जी पुढेंहि बदलत राहणार, ती एकाच जागीं ठेवून रुमालांत तिचा क्रमांक द्यावा. बिल्टी फाडली त्या दिवशींचें भाडें आणि माल ज्या पत्त्यावर पोंचला तो पत्ता, या घडून गेलेल्या गोष्टी आहेत. ग्राहकानें पुढें घर बदललें म्हणून जुन्या बिल्टीवरील पत्ता बदलणें खोटें होईल. उलट, ग्राहकाचा चालू दूरध्वनी क्रमांक पांचशें रुमालांत पांचशें वेळां लिहिला, तर तो बदलल्यावर चारशें नव्याण्णव ठिकाणीं दुरुस्त होऊन एका ठिकाणीं जुना राहतो, आणि नेमका तोच क्रमांक चालकाच्या हातीं पडतो. शिवाय रुमाल अमर्याद वाढूं देतां येत नाहीं. मोंगोडीबींत एका दस्तऐवजास १६ मेगाबाइटची मर्यादा आहे. एकाच ग्राहकाच्या रुमालांत त्याच्या जन्माच्या साऱ्या बिल्ट्या बांधूं पाहणारा एके दिवशीं त्या मर्यादेस जाऊन आदळतो.

तिसरें काम माहिती पारखून घेण्याचें; आणि सर्वांत अधिक वेळ येथेंच जातो. रिकामा रकाना आणि रकानाच नसणें, या दोन गोष्टी नव्या घरांत निराळ्या ठरतात. तेव्हां ‘वजन लिहिलें नाहीं’ आणि ‘वजन शून्य’ यांतील भेद आधींच ठरवून घ्यावा लागतो. पैशांची रक्कम अपूर्णांकाच्या साध्या यंत्ररूपांत ठेवली, तर दहा पैसे आणि वीस पैसे मिळून तीस पैशांच्या मागें एक बारीकसें शेंपूट उरतें, आणि अशा लाखों शेंपटांनीं वर्षअखेरचा ताळा चुकतो. म्हणून रक्कम पूर्ण पैशांत किंवा खास दशमान रूपांत ठेवावी. तारखेची गोष्ट तर अधिकच फसवी. पुष्कळ डेटाबेस वेळ जागतिक मानानें सांठवितात, आणि भारताची घड्याळें त्याच्या साडेपांच तास पुढें आहेत. १ एप्रिलच्या पहाटें दोन वाजतां फाडलेली बिल्टी तेथें ३१ मार्चच्या रात्रीं साडेआठ वाजतांची म्हणून नोंदली जाते. उतारा काढतांना हें ध्यानांत घेतलें नाहीं, तर ती बिल्टी मागल्या आर्थिक वर्षांत जाऊन पडते.

मराठींत एक अडचण याहूनहि जवळची आहे. ‘कऱ्हाडे’ हें आडनांव डोळ्यांना एकच दिसतें. परंतु त्यांतील तो चंद्रकोरीसारखा र संगणकाच्या पोटांत एकाहून अधिक प्रकारांनीं लिहिला जाऊं शकतो. एका कारकुनानें एका कळफलकावर आणि दुसऱ्यानें दुसऱ्यावर लिहिलेलें तेंच आडनांव यंत्रास दोन निराळ्या माणसांचें वाटतें. एकाच माणसाचे दोन खातेदार होतात, एकाचें येणें दुसऱ्याच्या नांवावर थकतें. अशीं नांवें स्थलांतरापूर्वीं एका रूपांत आणून घेणें, हें काम परदेशांत तयार झालेल्या यंत्रानें आपण होऊन केलें असेल, असें गृहीत धरतां येत नाहीं.

चौथें काम हलविण्याचें. पेढी बंद ठेवून हें करतां येत नाहीं. बिल्ट्या फाडल्या जातच असतात. प्रत्येक चांगला रिलेशनल डेटाबेस आपल्या आंत एक रोजकीर्द ठेवतो; जो बदल झाला, तो त्याच क्रमानें तींत उतरतो. स्थलांतराच्या वेळीं एक क्षण ठरवून त्या क्षणापर्यंतची जुनी माहिती सावकाश उचलावी, आणि त्यानंतरचे बदल या रोजकीर्दींतून वाचून नव्या घरांत खतवीत जावें. कीर्दीवरून खतावणी करण्याची रीत मराठी दुकानदारांस नवी नाहीं. कांहीं मंडळी दोन्ही घरांत एकाच वेळीं लिहिण्याची युक्ति करितात. परंतु एकांत लिहिलें जाऊन दुसऱ्यांत राहिलें तर काय, याचें उत्तर तयार नसेल तर ही युक्ति घातक ठरते.

पांचवें काम पडताळ्याचें. जुन्या घरांत चार लक्ष बिल्ट्या आणि नव्या घरांतहि चार लक्ष, एवढ्यावर समाधान मानणारा फसतो. संख्या जुळली तरी आंतील मजकूर हरवलेला असूं शकतो. महिन्यामहिन्याच्या भाड्याची बेरीज दोन्हीकडे काढावी, थकबाकीची काढावी, हमालीची काढावी. मग कोणतेहि शंभर जुने कागद कपाटांतून काढून ते दोन्हीकडे ओळीनें तपासावे. कांहीं आठवडे ग्राहकास उत्तर जुन्या घरांतून द्यावें, आणि तोच प्रश्न नव्या घरासहि गुपचूप विचारून उत्तरें ताडून पहावीं. तीं सलग जुळूं लागलीं म्हणजे मग नव्या घराचें दार उघडावें. आणि तरीहि जुन्या घरास लगेच कुलूप घालूं नये. परत फिरण्याची वाट राखून ठेवणें, यांत भित्रेपणा नाहीं.

मोठ्या कंपन्यांच्या अनुभवांतूनहि दोन्ही बाजूंचा बोध होतो. नेटफ्लिक्स या कंपनीचा डेटाबेस ऑगस्ट २००८ मध्यें बिघडला आणि तीन दिवस तिला ग्राहकांकडे चित्रपटांच्या तबकड्या पाठवितां आल्या नाहींत. त्यानंतर तिनें आपला संसार हलविण्यास आरंभ केला, माहितीचा मोठा भाग कॅसँड्रांत नेला, आणि हें सगळें स्थलांतर जानेवारी २०१६ मध्यें पुरें झालें. सात वर्षांहून अधिक काळ लागला, हें विसरूं नये. उलटपक्षीं, लंडनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्रानें आपले लेख मोंगोडीबींत ठेवले होते. ते त्यानें २०१८ मध्यें पोस्टग्रेएसक्यूएल या रिलेशनल डेटाबेसांत परत आणले. मौज अशी कीं, लेखांचे रुमाल सोडले गेले नाहींत. जसेच्या तसे ते नोंदवहीच्या एका रकान्यांत ठेवले गेले, कारण पोस्टग्रेएसक्यूएलमध्यें २०१४ पासून तशी चांगली सोय झाली होती. इकडे मोंगोडीबीनेंहि २०१८ मध्यें अनेक दस्तऐवजांवर एकत्र ट्रँझॅक्शन करण्याची सोय आणली. म्हणजे नोंदवहींत रुमाल ठेवतां येऊं लागला, आणि रुमालासहि थोडीबहुत नोंदवहीची शिस्त आली. यावरून हें दिसतें कीं, केवळ नव्याची हौस म्हणून घर सोडण्याचें कारण आतां पूर्वींपेक्षां कमी उरलें आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. बिल्ट्या, नग, पत्ते, रकमा, या सर्व वस्तू होत. त्या वाहून नेण्यास यंत्रें मिळतात. जुनी नोंदवही जे नियम मुकाट्यानें पाळून घेत होती, ते मात्र पुष्कळ वेळां कोणीहि कागदावर लिहिलेले नसतात. एका बिल्टीस दोन क्रमांक नसावेत. नसलेल्या गाडीवर माल चढूं नये. नग उतरला असें ज्या क्षणीं लिहिलें, त्याच क्षणीं तो उतरविणाऱ्याच्या नांवावर हमाली चढावी. नव्या घरांत यांतील कांहीं नियम सांगितल्यास पाळले जातात. कांहीं कार्यक्रम लिहिणाऱ्यांस स्वतः लिहावे लागतात. आणि कांहींसाठीं रोज रात्रीं ताळा पाहणारा एक जागता माणूस नेमावा लागतो. म्हणून स्थलांतराच्या आराखड्यांत माहितीची यादी असते तशीच नियमांचीहि एक यादी असावी. आणि प्रत्येक नियमासमोर, तो यापुढें कोण पाळणार, त्याचें नांव असावें. ज्या नियमासमोर नांव नाहीं, तो नियम जुन्या घरांतच राहिला, असें समजावें.

यांत हानि कोणाची होते, हेंहि पाहिलें पाहिजे. मोठा ग्राहक आपली बिल्टी सांपडली नाहीं तर दहा ठिकाणीं दूरध्वनी करितो, पत्रें लिहितो, वकील देतो. त्याची चूक उघडकीस येते. गोदामावरील हमालाच्या हातीं पुष्कळदां पावती नसते. दिवसभरांत त्यानें एकशेंवीस नग उतरविले, याला त्याच्या पाठीखेरीज दुसरी साक्ष म्हणजे ती नोंद. नग उतरल्याचें एका रुमालांत लिहिलें गेलें आणि वीज जाऊन त्याची हमाली दुसऱ्यांत चढलीच नाहीं, तर शनिवारच्या बटवड्यांत त्याच्या हातीं कमी पैसे पडतात. संगणक चुकेल कसा, असें उत्तर त्यास मिळतें, आणि तो निमूटपणें घरीं जातो. नंदुरबारच्या डोंगरांतील वृद्धेची नोंद असो, कीं मरोळच्या गोदामांतील हमालाची; ज्यांना तक्रार करतां येत नाहीं, त्यांच्या बाजूनें आजवर जुन्या नोंदवहीचे ते अबोल नियम उभे होते.

म्हणून माहिती हलविणाऱ्यांनीं पडताळ्यासाठीं जे शंभर कागद निवडावयाचे, त्यांत मोठ्या ग्राहकांच्या बिल्ट्यांबरोबर हमालीचे कागदहि अवश्य घ्यावेत. आणि नवें दार उघडल्यानंतरच्या पहिल्या शनिवारीं मुकादमाची पेन्सिलीनें लिहिलेली वही मागवून, ती नव्या घराच्या हिशेबाशीं एकेका नांवागणिक ताडून पहावी.